आजारपणाचं बलुतं

पाथर्डीच्या एस.टी.तून बोरखडी फाट्यावर उतरलेला नवखा माणूस आधी कंडक्टरकडं संशयानं बघतो. गाव कुठं दिसतच नाही. ते खडकाच्या रंगाचं आहे आणि खडकाच्या मागं आहे, त्यामुळं चालायला लागल्याशिवाय सापडत नाही. मात्र दीना साळवे सुट्टीला घरी आलेली असली, की वाट विचारायची गरज नसायची. फाट्यावर कान देऊन उभं राहावं आणि ज्या दिशेनं वाद ऐकू येईल त्या दिशेनं चालावं.

दीना आमच्या कृपादान मास्तरांची धाकटी मुलगी. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि इतक्या हळू बोलायचे, की मागच्या रांगेतली मुलं त्यांच्या ओठांकडं बघून पाढे शिकली. देवानं बापाच्या वाट्याचा आवाजही मुलीलाच देऊन टाकला असावा. अंगानं काडी, वेणी कमरेपर्यंत, नाकावर सतत घसरणारा चष्मा आणि समोरच्याचं कुठलंही वाक्य संपायच्या आत 'पण का?' विचारायची खोड. सहावीत असताना तिनं देवळातल्या कीर्तनकारबुवांना आणि चर्चमधल्या पाळकांना एकाच आठवड्यात निरुत्तर केलं होतं. दोघांनीही तिच्यासाठी आपापल्या परीनं प्रार्थना केली.

ती डॉक्टर व्हायला पुण्याला निघाली, तेव्हा निम्मं गाव फाट्यापर्यंत पोचवायला आलं. आमचा असा समज होता, की डॉक्टरी म्हणजे पहिल्या वर्षी ताप, दुसऱ्या वर्षी खोकला, असं एकेक दुखणं शिकवत जातात. त्यामुळं पहिल्याच सुट्टीत आप्पासाहेबांच्या गोजरबाईंनी तिच्यापुढं मनगट धरलं. दीनानं मनगटातल्या सगळ्या हाडांची नावं सांगितली, तीही इंग्रजीतून. दुखायचं काही थांबलं नाही.

"मास्तर, वरीसभर पोरीला नुसती हाडंच मोजाया लावली व्हय?" आप्पासाहेबांनी विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं असणार. कुणाला ऐकू आलं नाही.

हे आप्पासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. बारमाही पाण्याची विहीर त्यांची, फेटा त्यांचा आणि ठणठणीत प्रकृतीची फुशारीही त्यांचीच. "आमच्या घरात औषधाची बाटली शिरलेली न्हाई," असं ते छातीवर थाप मारून सांगायचे. थापेचा आवाजही चांगला यायचा.

तिसऱ्या वर्षी दीना वॉर्डात काम शिकायला लागली आणि तिथं तिला आमचा भीमा भेटला.

भीमा गावचा जागल्या. रात्री काठी घेऊन गावाभोवती फिरायचं, खोकायचं आणि आपण जागे आहोत हे चोरांना आदबीनं कळवायचं, हे त्याचं काम. त्या बदल्यात मळणी झाली की प्रत्येक खळ्यावरून त्याला ज्वारीचं बलुतं मिळायचं, जसं न्हाव्याला मिळतं, सुताराला मिळतं. अशाच एका फेरीत त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. दवाखाना म्हणजे खर्च, म्हणून त्यानं पाला बांधला. पाय सुजला, तापला, काळा पडला. तालुक्याहून नगरला आणि नगरहून पुण्याला पोचेपर्यंत गुडघ्याखाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दीनानं त्याला ओळखलं. म्हणाली, "भीमानाना, अहो इतके दिवस काय करत होता?"

"वाट बघत हुतो, बाई. म्हनलं काटाच हाय. कंटाळंल आन् जाईल."

पाय कापताना दीना तिथं उभी होती. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती, भांडत होती. कुणाशी ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एका काट्यापायी माणसाचा पाय जातो यात काट्याचा दोष नाही, असं ती पुढं म्हणायची. दवाखान्यात जायचं म्हटलं की माणसाला आधी आपलं दुखणं आठवत नाही, त्यापायी विकावी लागणारी दावणीची शेळी आठवते, दोष त्यात आहे. गावातल्या एकाही माणसाला पुन्हा अशी शेळी आठवता कामा नये, हे तिनं तिथंच मनाशी धरलं.

भीमा लाकडी पाय लावून घरी आला आणि पुन्हा फेरीला जाऊ लागला. "चोराच्या मागं पळता येत न्हाई, पर वरडता येतंय की," म्हणायचा. खरं सांगायचं तर तो पाय खडकावर असा वाजायचा, की चोरांची सोयच झाली असती. भीमा कुठल्या आळीत आहे, हे लांबून कळायचं. पण त्या वर्षी एकाही खळ्यावर त्याचं माप चुकलं नाही. यात आपण काही विशेष केलं, असं गावाला वाटलंसुद्धा नाही.

नाताळच्या सुट्टीत दीना आली आणि तिनं मारुतीच्या पारावर सभा घेतली. बरोबर तिनं एक नवा शब्द आणला होता: आरोग्य विमा. सगळ्यांचा, सरसकट, गरिबाचा आणि श्रीमंताचा एकच. तिनं सांगितलं, की काही देशांत कुणीही आजारी पडला तरी त्याची सोय आधीच झालेली असते. आपल्या सरकारनंही ती करावी आणि सरकार करेपर्यंत आपण आपली करावी. बोलता बोलता तिचा चष्मा तीनदा खाली आला.

अडचण अशी, की विम्याशी गावाची ओळख नगरहून एकदाच आलेल्या एजंटानं करून दिली होती. आणि त्याच्या बोलण्यातलं एवढंच लक्षात राहिलं होतं, की विमा माणूस मेल्यावर मिळतो.

"म्हंजी आदी मरायचं," सूर्यभान विचार करत म्हणाला, "आन् मंग दवाखान्यात जायाचं?" सूर्यभान हा गावातला शंकाखोर माणूस. त्याच्या शंकेचं उत्तर मिळालं तर त्याला वाईट वाटायचं.

"नाही, सूर्यभानदादा, आजारी पडल्यावर मिळतो. मरायची गरज नाही."

"मंग त्यो विमा कसला?"

त्यात निवडणुकांचे वारे वाहायला लागले होते. मागून कुणीतरी विचारलं, "बाई, निशानी कंची हाय?" दीनानं निशाणी नसल्याचं सांगितल्यावर लोक उठायला लागले. निशाणीशिवाय एवढं बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

होळीला ती परत आली, तेव्हा खळ्यांवर मळणी सुरू होती. कॉलेजात काय सांगून आली होती, ते तिनं मास्तरांनाही कळू दिलं नाही. एका दुपारी ती सूर्यभानाच्या खळ्याच्या कडेला बसली होती. भीमा ठक ठक करत आला, घोंगडीची खोळ पुढं केली, सूर्यभानानं रास मोडून माप घातलं आणि भीमा पुढच्या खळ्याकडं गेला. कुणी काही बोललं नाही. दीना मात्र उठून उभी राहिली. नाताळात पारावर घसा फोडून ती जे सांगत होती, ते हे लोक न बोलता पिढ्यान्‌पिढ्या करत होते.

दुसऱ्या दिवसापासून भीमाच्या मागं मागं तीही खळ्यांवर जाऊ लागली. विमा हा शब्द तिनं पुण्यासाठी ठेवून दिला. "आजारपणाचं बलुतं," ती म्हणायची. "घरटी दोन पायल्या ज्वारी. जिरायती असो, बागायती असो, माप तेवढंच. शाळेच्या खोलीत धान्याची एक कणगी ठेवू. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई दर मंगळवारी गावात येतील आणि कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर ठेवून घेतील. त्यांना द्यायचं ते कणगीतनं देऊ. माणसाला काही विचारायचं नाही."

हे मात्र लोकांना कळलं. भीमाचा लाकडी पाय समोर उभा असताना न कळून सांगतात कुणाला? लोक माप घालू लागले. पोटापुरतीही जमीन नसलेल्या बनुबाईनं रानातला सरवा वेचून आपलं माप पुरं केलं. भीमानं मिळालेल्या बलुत्यातून स्वतःचं घातलं. शाळेच्या खोलीत कणगी चढत गेली आणि तिसरीचा वर्ग चिंचेखाली भरू लागला. त्याचा तिसरीला आनंदच झाला.

आणि इथं आमच्या दीनाबाईंनी आपल्या हातानं आपल्या पायात काटा मोडून घेतला. तिनं अट जाहीर केली: पाडव्यापर्यंत गावातलं एक जरी घर राहिलं, तर सगळ्यांची ज्वारी परत. कारण जे दुखणाईत आहेत तेवढेच यायला लागले तर कणगी महिन्यात तळाला जाईल, आणि जागल्या अर्ध्या गावाचा नसतो. "अशी अट घालू नये," असं मास्तर म्हणाले होते म्हणे. त्यांच्याबद्दलच्या अशा गोष्टी नेहमी मागाहूनच कळतात.

शेवटी राहिलं एकच घर. आप्पासाहेबांचं.

"माझी तब्येत बघ," खळ्यावर मधल्या तिवड्याच्या खांबाला टेकून आप्पासाहेब म्हणाले. "कशापायी देऊ? आमच्या घरात कुनी आजारी पडत न्हाई."

"आप्पा, तुमच्याकडं चोरीही होत नाही. भीमानानांना तर देता."

"त्याची गोष्ट येगळी. आन् दुसरं आसं, की माझी मालदांडी जवारी जाऊन त्या कनगीत भीमाच्या ज्वारीत मिसळनार. ते काय मला बरं दिसत न्हाई."

"भीमानानांची ज्वारी आली कुठनं, आप्पा? तुमच्याच खळ्यावरनं आली."

खळ्यावरची माणसं बैलांची पात हाकायची थांबली. आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला. आपण या वादात हरलो, हे त्यांना कळलं. आणि हरलेल्या वादावर आप्पासाहेबांचं औषध एकच होतं, न ऐकल्यासारखं करणं. ते बैलांवर ओरडू लागले.

पाडवा जवळ येत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी एक मंगळवार येऊन गाव तरी बघते. त्या आल्या, शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं, पेटी उघडली आणि मान वर करून बघतात तर समोर सगळं गाव रांगेत. धोतर-टोप्या घालून, लुगडी नेसून, पोरंबाळं खांद्यावर घेऊन, आणि सगळे अगदी ठणठणीत. रांगेत पहिला सूर्यभान.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई," सूर्यभान म्हणाला आणि बाही वर केली. "टोचा."

"कशासाठी?"

"माप घातलंय की, बाई. न्हाव्याला बलुतं देतो तर त्यो पंधरवड्याला डोकं भादरतो. तसं हे. दर मंगळवारी यक सुई." मागची रांग माना हलवत होती. काहींनी तर दोन्ही बाह्या वर केल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दीनाकडं बघितलं आणि पेटी मिटायला घेतली. म्हणाल्या, "तुझ्या गावाला डॉक्टर नकोय, दीना. तुझ्या गावाला सुईचा रतीब हवाय. मला हे जमणार नाही."

समोर पारावर आप्पासाहेब पान लावत बसले होते. "बघा," ते सुपारी कातरत म्हणाले, "आमी म्हनलंच हुतं."

दीनाचा चेहरा पडला होता. एवढी धडपड करून भरलेली कणगी आता पायलीपायलीनं उलटी मोजावी लागणार होती, आणि पुढचा काटा कुणाच्या पायात मोडणार, ते देवालाच ठाऊक. मग तिनं चष्मा वर ढकलला. गावानं ओळखलं, आता कुणाची तरी धडगत नाही.

"सूर्यभानदादा, भीमानानांना तुम्ही वर्षानुवर्षं ज्वारी घालता. आजवर तुमच्या घरी चोरी झाली?"

"न्हाई. कुनाची टाप हाय?"

"म्हणजे तेवढी सगळी ज्वारी फुकट गेली. मग तुमच्या वाट्याचा चोर मागून घ्या. बाकीच्यांनीही घ्या. मापं सगळ्यांनी घातलीयत, वर्षाला एक तरी चोरी घरटी व्हायलाच पाहिजे."

भीमा शाळेच्या पायरीवर बसला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "कवा पाठवू, सूर्यभानराव? मंगळवारी चालंल का? त्या दिशी तुमी सुईपायी गावातच आसता."

पहिली हसली ती बनुबाई, मग रांगच्या रांग. सूर्यभानाला आपल्या शंकेचं उत्तर मिळालं होतं, त्यामुळं त्याला वाईट वाटलं. पण त्यानं बाही खाली घेतली. "म्हंजी सुई न्हाई मिळाली तर आपुन नशीबवान," तो पुटपुटला. रांग मोडली. माणसं ओशाळत, एकमेकांच्या बाह्यांवर हसत बाजूला झाली. ज्यांना खरंच काही होत होतं, असे थोडेच मागं उरले: खोकणारा एक म्हातारा, अंगावर पुळ्या आलेलं एक पोर आणि शेवटी, पदर नाकापर्यंत ओढलेली एक बाई.

डॉक्टरीणबाईंनी पेटी पुन्हा उघडली. म्हाताऱ्याला तपासलं, पोराला मलम दिलं. शेवटची बाई आत खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्या दीनाशी हळू बोलल्या. पोटात गाठ होती, बऱ्याच वर्षांची. दवाखान्यात ठेवून काढावी लागणार होती. उशीर केला तर अवघड होतं.

"घर कुठलं यांचं?" त्यांनी विचारलं.

दारात आलेल्या बाईनं पदर मागं घेतला. त्या गोजरबाई होत्या.

पारावर आप्पासाहेबांचा अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला. ज्या घरात औषधाची बाटली शिरली नव्हती, त्या घरात दुखणं मात्र कधीच शिरलं होतं आणि चुलीपाशी निमूट बसून होतं. नवऱ्याची छातीवरची थाप रोज ऐकायची, त्या बाईनं आपल्या पोटाचं सांगावं तरी कुठं?

दीनाला बोलणं भाग होतं आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते नको होतं. "गोजरकाकू," ती म्हणाली, "तुमच्या घरचं माप..." आणि थांबली. स्वतःची अट तिला स्वतःलाच गिळता येईना.

गोजरबाईंनी येताना खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं गाठोडं ओढून दारात आणलं. "माझ्या घरचं माप मी आनलंय," त्या म्हणाल्या. "पुऱ्या दोन पायल्या हायती. मोजून घ्या."

आप्पासाहेब पारावरून उतरून आले होते. "आगं, घरचा कारभारी मी हाय ना?" त्यांच्या आवाजात जरब आणायचा प्रयत्न होता, पण ती निम्म्या वाटेत राहिली.

"व्हय," गोजरबाई म्हणाल्या. "आन् दुखनं माझं हाय."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच कणगीचं झाकण काढलं आणि ज्वारी आत ओतली. आप्पासाहेबांची मालदांडी भीमाच्या ज्वारीवर पडली, बनुबाईच्या सरव्यात मिसळली, आणि मग ती कुणाची ते सांगणं डॉक्टरलाही शक्य राहिलं नाही.

आप्पासाहेब कणगीकडं बघत उभे राहिले. मग खाकरले. "दोनच पायल्या? आमच्या घरचं म्हनून दोन? लोक काय म्हनतील? सूर्यभान, जा, आमच्या खळ्यावरनं पोतं आन यक."

"आणा," दीना म्हणाली. "पण जाईल याच कणगीत. वेगळी रास नाही. मंगळवारी पहिला नंबर नाही. नाव पुकारायचं नाही."

"मंग दिल्याचं कळनार कसं?"

"नाही कळणार, आप्पा."

आप्पासाहेबांना हे फार अवघड गेलं. आजवर त्यांनी देवळाला घंटा दिली होती, तिच्यावर त्यांचं नाव होतं. शाळेला घड्याळ दिलं होतं, त्याच्यावरही होतं. न कळणारं दान हा त्यांच्यासाठी नवाच प्रकार होता. शेवटी पोतं आलं आणि त्यांनी ते निमूट ओतू दिलं. एवढंच, की दुसऱ्या दिवशी ते जो भेटेल त्याला म्हणत होते, "कुनाला सांगू नको, पर काल मी यक पोतं दिलं."

पाडव्याला कुणाची ज्वारी परत गेली नाही. गोजरबाई तालुक्याच्या दवाखान्यात राहून आल्या, गाठ काढून आल्या आणि परतल्यावर आठ दिवसांत त्यांनी आप्पासाहेबांना मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. गाठीबरोबर आणखीही काही निघून गेलं असावं.

दीना पुण्याला परत गेली. तिथं विद्यार्थ्यांच्या एका सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, की देशातल्या प्रत्येक माणसाच्या औषधपाण्याची हमी सरकारनं घ्यायला हवी आणि तिच्यात सगळे असायला हवेत, एकही घर वगळता कामा नये. एका प्राध्यापकांनी हसून विचारलं, "हे ऐकायला छान आहे. पण अडाणी लोकांना हे समजतं, असं कुठल्या देशात दिसलं तुम्हाला?"

"बोरखडीत," दीना म्हणाली.

सभेत कुणालाच तो देश माहीत नव्हता, पण नकाशा आणा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. ही हकिगत गावात आली, तेव्हा कृपादान मास्तर मारुतीच्या पारावर चढले आणि त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. आणि आश्चर्य म्हणजे, ती शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आली.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. खळी ओस पडली. आप्पासाहेबांच्या बारमाही विहिरीनंसुद्धा तळ दाखवला. सगळा मुलूख रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. कणगी बंद पडणार असं धरून दीना आली, तर कणगी खडीच्या कामावर हलवलेली. पायलीच्या जागी मूठ आली होती, पण आठवड्याला घरटी मूठ पडत होती. डॉक्टरीणबाई मंगळवारी तिथंच यायच्या. वाळलेल्या लिंबाखाली बसायच्या आणि मूठभर ज्वारीचा मान पायलीसारखाच ठेवायच्या.

तिथं शेजारच्या गावचे लोकही कामाला होते. ते हे सगळं बघत होते. एक दिवस त्यांना खडीच्या ढिगावर बसून आप्पासाहेब समजावून सांगत होते: जागल्या, चोर, सुईचा रतीब, सगळं, आणि असं, की ही कल्पना त्यांना स्वतःला एका पहाटे सुचली असावी. भीमानं दीनाकडं बघितलं. दीना हसली आणि तोंडावर बोट ठेवून ऐकत उभी राहिली. तिच्या आयुष्यात ती एवढा वेळ गप्प पहिल्यांदाच राहिली असेल.

समोर शेजारच्या गावचा एक धट्टाकट्टा बागायतदार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, छातीवर थाप मारली आणि म्हणाला, "आमचं काय काम न्हाई ह्यात. आमच्या घरात कुनी आजारी पडत न्हाई."

आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला. खाली, खडीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांत गोजरबाई होत्या. तिकडं एकदा बघून ते म्हणाले, "आसं तुमी म्हनताय. घरात इचारलंय का?"